मॅरँट्झ २२३०: डायलचे बल्ब सारखे जातात, एलईडी टाकू का? निळा रंग मात्र टिकला पाहिजे

मेधा_दापोली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मामाचा मॅरँट्झ २२३० रिसीव्हर आहे, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. मामा बोटीवर नोकरीला होता, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने हा सेट सिंगापूरला घेतला. तेव्हापासून तो दापोलीच्या घरी माजघरातल्या फडताळात होता. मामा गेल्यावर मामीने तो मला दिला आणि मी पुण्याला घेऊन आले. आवाजाला काही म्हणजे काही झालेलं नाही. तानपुरा लागला की चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात.

अडचण डायलची आहे. सेट चालू केला की स्टेशनांचे आकडे निळ्या रंगात उजळतात, त्या निळ्यावर आम्हा सगळ्या भाचरांचा जीव होता. आता डावी बाजू पूर्ण अंधारात आहे, मधे एक बल्ब मिणमिणतो आणि उजवीकडचे दोन ठीक आहेत. बल्ब काचेच्या फ्यूजसारखे आहेत, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, क्लिपमध्ये बसणारे. मामा हे बल्ब सारखे बदलायचा. मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवायचा, आणि तरी वर्ष-दोन वर्षांत परत एखादा कोपरा काळा.

इथल्या एका मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, हे बल्ब आता मिळत नाहीत, आत निळी एलईडीची पट्टी चिकटवून देतो. मला ते पटेना. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, काम आता वेगळं करते, पण सोल्डरिंग नीट जमतं आणि मल्टिमीटर घरात आहे. बल्बच्या क्लिपवर एसी ७.४ व्होल्ट मिळतात.

विचारायचंय ते असं. एलईडी टाकल्या तर तोच निळा येईल का, की हल्लीच्या गाड्यांच्या दिव्यांसारखा डोळ्यांत खुपणारा? एसीवर त्या थेट चालतील का? आणि एफएम स्टीरिओ लागल्यावर पेटणारा छोटा दिवा आहे, तो अजून चालू आहे, त्यालाही हात लावायचा का?

रोहन_बीट्स

ताई, मी माझ्या सान्सुईला ऑनलाइन मिळणारी निळी एलईडी पट्टी लावली. बारा व्होल्टचा छोटा अडॅप्टर वेगळा दिला, आतल्या वायरिंगला हातच लावला नाही. रात्री खोलीभर निळा प्रकाश पडतो, मस्त दिसतं. फार विचार करू नका, एका दुपारचं काम आहे.

नाना_चिंचवड

मेधाताई, रंगाचं जरा थांबून बोलू. मी आयुष्यभर रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर दुरुस्त केले, तेव्हा माझा पहिला प्रश्न नेहमीचा: बल्ब जातात का? चांगला बल्ब योग्य व्होल्टेजवर असला तर वर्ष-दोन वर्षांत जात नाही. तुमच्या मामांना सारखा बदलावा लागत होता, म्हणजे कुठेतरी काहीतरी जास्त मिळतंय. ते शोधल्याशिवाय एलईडी टाकलीत तर दिवा टिकेल, पण जे जास्त मिळतंय ते बाकीच्या सेटला मिळतच राहील. पन्नास वर्षांचे कंडेन्सर आहेत आत, त्यांची मला बल्बांपेक्षा जास्त काळजी वाटते.

फिलामेंटच्या बल्बाचं गणित थोडक्यात सांगतो. उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने वाढतो, पण आयुष्य बाराव्या घाताच्या आसपास घटतं. म्हणजे दहा टक्के व्होल्टेज कमी दिलं तर उजेड सत्तर टक्क्यांवर येतो, आयुष्य मात्र साडेतीन पट होतं. दहा टक्के जास्त दिलं तर आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली. डोळ्याला फरक थोडा दिसतो, तारेला फार लागतो.

म्हणून आधी तीन गोष्टी बघा. बल्बच्या टोपीवर बारीक अक्षरांत आकडे कोरलेले असतात, ते भिंगाखाली वाचा. सत्तरच्या दशकातल्या जपानी रिसीव्हरमध्ये बहुतेक ८ व्होल्टचे, २५० किंवा ३०० मिलिअँपिअरचे फ्यूज-बल्ब असत. दुसरं, घरातल्या सॉकेटवर किती व्होल्ट येतात ते संध्याकाळी एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा मोजा. तिसरं, बाहेरच्या देशांत विकलेल्या सेटांना व्होल्टेज बदलायची सोय असते, तुमचा सेट कशावर लावलाय ते बघा. प्लग काढून, आणि काढल्यावर थोडा वेळ थांबून मगच झाकण उघडायचं. मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो.

आणि दापोलीचा सेट आहे म्हणून मुद्दाम सांगतो, क्लिपा बघा. समुद्राकाठच्या दमट हवेत पितळी क्लिपांवर हिरवट थर चढतो. बल्ब शाबूत असतो, पण क्लिपेतून करंटच जात नाही. मधला मिणमिणणारा बल्ब मला तसाच वाटतोय.

आता निळ्याबद्दल. रोहन, तुमच्या सेटचा प्रश्न तुमचा, पण मॅरँट्झला निळी एलईडी लावू नये असं माझं ठाम मत आहे. त्या सेटमधला बल्ब निळा नसतोच. तो साधा पिवळसर असतो. निळा रंग समोरच्या रंगीत पट्टीतून येतो, आणि ती पट्टी पिवळसर उजेडासाठीच निवडलेली आहे. फिलामेंटच्या उजेडात निळा भाग मुळातच थोडा. पट्टी तांबडं-पिवळं अडवते आणि तो थोडा निळा, त्याच्याबरोबर जरासा हिरवा, पुढे सोडते. म्हणून तो रंग खोल आणि मऊ दिसतो. निळी एलईडी एकाच अरुंद पट्ट्यात भरमसाट निळा फेकते, पट्टीला अडवायला काही उरतच नाही. मग आकड्यांच्या कडा फुटतात आणि रात्री डोळे दुखतात.

तुषार_सातारा

नानांनी बरोबर सांगितलं. एक सोपा पर्याय: गाडीच्या छतात लावतात ते एलईडीचे लांबट बल्ब, दुकानदार फेस्टून म्हणतात, ते याच आकाराचे असतात. ३१ मिलिमीटरचे मागा. क्लिपेत सरळ बसतात, सोल्डरिंग करावं लागत नाही.

नाना_चिंचवड

तुषार, बसतात खरे, पण दोन अडचणी आहेत. ते बारा व्होल्टचे असतात. आत तीन पांढऱ्या चिप एकामागे एक जोडलेल्या असल्या तर त्या उजळायलाच नऊ व्होल्ट लागतात. ७.४ व्होल्ट एसीचं शिखर, म्हणजे लाटेचं सर्वांत वरचं टोक, साडेदहापर्यंत जातं, म्हणजे प्रत्येक आवर्तनात शिखराजवळ क्षणभरच त्या पेटणार. उजेड मंद आणि लुकलुकता. दुसरी अडचण मोठी आहे. काही महागड्या बल्बांत छोटी स्विचिंग सर्किट असते, ती करंट फार वेगाने चालू-बंद करते. एफएमवर कळत नाही, मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झचं पुणे केंद्र लावलं की सगळीकडे खरखर. रिसीव्हरमध्ये ती सर्किट नकोच. साधा रेझिस्टन्स आणि एलईडी, त्यातून आवाज निघत नाही.

मेधा_दापोली

नाना, तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं मिळाली, आणि मी वाचून थक्क झाले.

सॉकेटवर संध्याकाळी २३८ आणि रात्री एक वाजता २४६ व्होल्ट. सेट लावलेला होता २२० वर.

बल्बचं तर आणखीच. उजवीकडचा एक बल्ब वेगळा दिसत होता, काच किंचित काळवंडलेली. त्याच्या टोपीवर ८ व्होल्ट, ०.३ अँपिअर. तो बहुधा मूळचा. बाकी सगळ्यांवर ६.३ व्होल्ट, ०.२५ अँपिअर. म्हणजे मामाला दुकानात आकार जुळवून बल्ब दिले, व्होल्ट कुणी बघितलेच नाहीत. सगळ्यात जुना बल्ब अजून चालतोय आणि नंतरचे एकेक करत गेले, ते का हे आता कळलं.

क्लिपांचंही तुम्ही म्हणालात तसंच. मधल्या क्लिपेवर हिरवी बुरशी वाटावी असा थर होता. बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवला, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. मधला बल्ब लखलखीत पेटला!

डायलच्या मागे उजेड पसरवायला जो दुधी कागद आहे, त्यावर प्रत्येक बल्बच्या वर तपकिरी डाग पडलाय. मधल्या जागी तर कागद हात लावला की तुटतो.

नाना_चिंचवड

मेधाताई, चोर सापडला. ६.३ व्होल्टच्या बल्बला ७.४ म्हणजे साडेसतरा टक्के जास्त. आयुष्य सातवा हिस्सा. त्यात मूळ ट्रान्सफॉर्मर २२० साठी लावलेला आणि तुमच्याकडे २४६.

आजच्या आज सेट २४० वर घ्या. बल्बसाठी नव्हे, सगळ्या सेटसाठी. आतलं प्रत्येक व्होल्टेज आठ टक्क्यांनी खाली येईल, पॉवर ट्रान्झिस्टर कमी तापतील. आवाजात तुम्हाला फरक कळणार नाही. त्यानंतर बल्बच्या क्लिपवर ६.८ च्या आसपास मिळायला हवेत.

आता तुमच्यापुढे दोन चांगले रस्ते आहेत आणि मी दोन्ही मनापासून सांगतो.

पहिला रस्ता, फिलामेंटच ठेवा. ८ व्होल्टचे फ्यूज-बल्ब परदेशी विक्रेत्यांकडून मागवता येतात. ६.८ व्होल्टवर त्यांचा उजेड छापील उजेडाच्या निम्म्याहून थोडा जास्त राहील, आयुष्य सातपट. मूळ रंग शंभर टक्के तोच.

दुसरा रस्ता एलईडीचा, आणि तुमच्या बाबतीत त्याला एक सबळ कारण आहे: तो तपकिरी कागद. प्रत्येक बल्ब जवळजवळ दोन वॅट उष्णता बंदिस्त जागेत सोडतो. पन्नास वर्षांत कागद भाजला, पुढे रंगीत पट्टीचीही पाळी येईल. कागद नवा मिळतो, वहीच्या दुकानातला जाड ट्रेसिंग पेपर चालतो. पट्टी मात्र मिळणार नाही. ती वाचवायची असेल तर एलईडी हेच योग्य.

करायचं कसं ते सांगतो. वायरिंग कापायची नाही, काही चिकटवायचं नाही. पुढे कुणाला बल्ब लावावेसे वाटले तर क्लिपेत बसवता आले पाहिजेत. गेलेले बल्ब टाकून दिले नाहीत ना? एक गेलेला बल्ब फडक्यात गुंडाळून चिमट्याने काच फोडा, डोळ्यांवर चष्मा हवा. टोप्यांतली उरलेली काच आणि डिंक साफ करा. या दोन टोप्यांच्या मधे आपली एलईडी बसवायची, लांबी क्लिपेत बसेल एवढी राखून. बाहेरून ती बल्बच राहते.

एसीवर एलईडी थेट लावू नका. उलट्या दिशेने बहुतेक एलईडींची सहनशक्ती पाच व्होल्टच्या आसपास असते, तुमच्याकडे शिखर दहाच्या घरात आहे. उपाय सोपा: दोन एलईडी एकमेकींना उलट्या, समांतर जोडा. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. एका अर्ध्या आवर्तनात एक पेटते, दुसऱ्यात दुसरी, आणि पेटलेली एलईडी दुसरीवर तीन व्होल्टपेक्षा जास्त उलटं व्होल्टेज येऊ देत नाही. दोघींना मिळून एकच रेझिस्टन्स. डायोड नको, कंडेन्सर नको, आणि टोपी कुठलीही कुठेही बसवली तरी चालतं.

रेझिस्टन्सचं गणित. दिवे बदलल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या बल्बांसाठीच्या गुंडाळीवर, म्हणजे वाइंडिंगवर, भार उरणार नाही, म्हणून व्होल्टेज थोडं वर चढेल, सव्वासात धरा. शिखर १०.२. पांढऱ्या एलईडीचे ३.१ वजा केले की ७.१ उरतात. ६८० ओहमला शिखराचा करंट साडेदहा मिलिअँपिअर, १ किलोओहमला सात. पाव वॅटचा रेझिस्टन्स पुरतो. वीस मिलिअँपिअरच्या मागे लागू नका. आजच्या एलईडी सत्तरच्या दशकातल्या डायलला फार जास्त उजेड देतात. दिवसा ठरवू नका, रात्री खोलीतले दिवे मालवून बघा, तेव्हा डोळ्याला सोसेल तोच रेझिस्टन्स खरा.

एलईडी घेताना वॉर्म व्हाइट, २७०० ते ३००० केल्विन. दुकानदार थंड पांढरी देईल, तीच जास्त खपते, तुम्ही हटून मागा. आणि मोठ्या कोनाची. पाच मिलिमीटरच्या नेहमीच्या स्वच्छ काचेसारख्या एलईडीचा झोत अरुंद असतो, बल्ब चहूकडे उजेड फेकतो. नुसती लावलीत तर डायलवर गोल ठिपके दिसतील. चपट्या डोक्याची मिळाली तर उत्तम, नाहीतर साध्या एलईडीचं डोकं चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून दुधी करा.

स्टीरिओच्या दिव्याला सध्या हात लावू नका. तो चालू आहे, तो गरम होत नाही आणि त्याचं सर्किट निराळं आहे. गेला तर विचारा.

स्नेहल_फ्रेमाँट

इथे अमेरिकेत या सेटांसाठी एलईडीचे तयार संच ऑनलाइन मिळतात. मी २२४५ साठी मागवला होता. त्यात थंड पांढरे आले. डायल निळा दिसण्याऐवजी बर्फासारखा दिसायला लागला, समोर बसवेना. मग वॉर्म व्हाइट मागवले आणि सगळं ठीक झालं. माझ्याकडे मी ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडांची जोडणी) आणि ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकून डीसी करून घेतलंय, कारण मला इथल्या विजेवर सेकंदाला एकशेवीस वेळा लुकलुकणारा दिवा जाणवतो. नजर पटकन फिरवली की रेषा दिसतात. नाना, त्यात काही धोका आहे का?

नाना_चिंचवड

धोका नाही, उलट उजेड जास्त शांत मिळतो. फक्त एक गोष्ट तपासा. बल्बच्या वाइंडिंगचं एक टोक पुष्कळ सेटांत चॅसीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं. तसं असेल तर ब्रिजचा मायनस चॅसीला लावायचा नाही, तो अधांतरी ठेवायचा. लावलात तर ब्रिजमधला एक डायोड परस्पर शॉर्ट होतो आणि दुसऱ्यातून वाइंडिंगवर शॉर्ट बसतो. आणि प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टन्स. एका रेझिस्टन्सवर सगळ्या समांतर लावल्या तर एक जास्त खाते, बाकीच्या मंद राहतात.

संजय_वाई

विषय थोडा बाजूचा आहे, पण आमच्याकडे आजोबांचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्याच्या डायलचा बल्ब गेलाय. त्यालाही अशीच एलईडी चालेल का?

नाना_चिंचवड

संजय, थांबा. झाकण उघडण्याआधी हे नीट वाचा.

व्हॉल्व्हवरची अक्षरं बघा. ई ने सुरू होत असतील, ईसीएच ८१, ईबीएफ ८९ अशी, तर सगळ्या व्हॉल्व्हांचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) ६.३ व्होल्टवर समांतर चालतात आणि डायलचा बल्बही त्याच ६.३ वर. तिथे मेधाताईंना सांगितलेली जोडी चालेल.

यू ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५, तर गोष्ट पूर्ण वेगळी. त्या सेटात बहुधा ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळे हीटर एकामागे एक जोडलेले, त्यांतून १०० मिलिअँपिअर करंट वाहतो. यूएल ८४ चे ४५ व्होल्ट, यूवाय ८५ चे ३८, बाकी दोघांचे १९-१९, आणि उरलेलं मोठ्या रेझिस्टन्सवर जळतं. बऱ्याच सेटांत डायलचा बल्ब त्याच साखळीतली एक कडी असतो. तिथे एलईडी लावली तर ती तत्क्षणी जाईल, आणि तिच्यामागे साखळी तुटली तर सगळा रेडिओ थंड. तिथे मूळ मापाचाच बल्ब हवा.

त्याहून महत्त्वाचं: अशा रेडिओची चॅसी थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या विजेला, जोडलेली असू शकते. प्लग उलटा बसला की पूर्ण चॅसीवर २३० व्होल्ट. नॉबच्या स्क्रूला बोट लागलं तरी झटका बसतो. प्लग हातात घेतल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर मागचं पुठ्ठ्याचं झाकण आणि नॉबच्या स्क्रूवरचं मेण शाबूत आहे की नाही तेही बघा.

संजय_वाई

यू चेच आहेत नाना. चारही. बरं झालं विचारलं. बल्बवर काय लिहिलंय ते वाचून तसाच शोधतो.

मेधा_दापोली

काम झालं, सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर.

सेट २४० वर घेतला. क्लिपवर ६.८ आले, नाना म्हणाले तेवढेच. सगळ्या एलईडी बसवल्यावर ७.२.

सामान तपकीर गल्लीत मिळालं. पहिल्या दोन दुकानांत वॉर्म व्हाइट म्हटल्यावर घराच्या दिव्यांची पट्टी पुढे केली. तिसऱ्यात एका बरणीत सुट्या, चपट्या डोक्याच्या निघाल्या. दुकानदाराने बॅटरी लावून एकेक पेटवून दाखवली. दोन थोड्या हिरवट होत्या त्या मी परत दिल्या. एका डायलमधल्या सगळ्या एकाच बरणीतल्या घ्या, नाहीतर रंग जुळत नाही.

लगेच सगळ्या बसवल्या नाहीत. आधी डाव्या अर्ध्यात एलईडी लावल्या, उजवीकडे बल्ब ठेवले, नवा ट्रेसिंग पेपर घातला आणि रात्री दिवे बंद करून समोर बसले. ६८० ओहमला एलईडीची बाजू सरळ सरळ जास्त उजळ. १ किलोओहम केल्यावर दोन्ही बाजू जवळपास सारख्या. रंगाचं खरं सांगायचं तर तंतोतंत तोच नाही. बल्बच्या बाजूच्या निळ्यात एक हिरवट छटा आहे, ८८ आणि ९२ चे आकडे ज्या बाजूला आहेत तिथे ती नाही, तिथला निळा थोडा सपाट आहे. दोन्ही शेजारी असल्यावर हे दिसतं. सगळीकडे एलईडी केल्यावर मलाही शोधावं लागतं. मामीला व्हिडिओ कॉलवर दाखवला, ती म्हणाली, अगदी तस्सा.

ट्रेसिंग पेपर एकपदरी लावला तेव्हा एलईडीच्या समोर हलके ठिपके दिसत होते. दोन पदर केल्यावर गेले. तीन केले तर आकडे मंद होतात.

सेट तीन तास चालू ठेवून डायलच्या वरच्या पत्र्याला हात लावला. पूर्वी तिथे हात ठेववत नव्हता, आता जेमतेम कोमट. स्टीरिओचा दिवा मूळचाच ठेवलाय. ८ व्होल्टचा तो एकुलता जुना बल्ब काढून, कागदात गुंडाळून, वर माप लिहून सेटच्या कागदपत्रांबरोबर ठेवला.

नाना, एकच शंका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून डायल बघितला की त्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला काही दिसत नाही.

नाना_चिंचवड

फार छान काम केलंत. अर्धा डायल बल्बचा ठेवून ताडून बघितलंत, हे माझ्या वेळच्या कित्येक मेकॅनिकांनीही केलं नसतं. तो हिरवट भाग जातो याचं कारण पांढऱ्या एलईडीतच आहे. ती मुळात निळी असते, वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्याचा काही भाग पिवळा करणारा लेप. निळा आणि हिरव्याच्या मधल्या पट्ट्यात तिचा उजेड कमी पडतो, आणि मॅरँट्झची पट्टी नेमका तोच भाग पुढे सोडते.

पट्टे दिसणं साहजिक आहे. तुमच्या एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो. डोळ्याला त्रास नसेल तर राहू द्या, असेल तर स्नेहलताईंसारखा ब्रिज टाका.

तबकडी_प्रेमी

नाना, हेच वाचून मी माझ्या जुन्या टर्नटेबलच्या स्ट्रोबचा (तबकडीचा वेग तपासायच्या ठिपक्यांवरचा) निऑन दिवा काढून तिथे एलईडी टाकायचा विचार करत होतो. ब्रिज आणि कंडेन्सर लावून. चालेल ना?

नाना_चिंचवड

चालणार नाही. स्ट्रोबला लुकलुकणंच हवं. निऑन आपल्याकडे मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा पेटतो. ३३⅓ च्या वेगाला ५० हर्ट्झच्या ओळीत १८० ठिपके असतात, प्रत्येक चमकेला ठिपका बरोबर पुढच्या ठिपक्याच्या जागी येतो म्हणून ते स्थिर दिसतात. कंडेन्सरने उजेड सपाट केलात तर ठिपके नुसती धूसर रेघ दिसतील आणि वेग मोजता येणार नाही.

शिवाय तो निऑन कमी व्होल्टेजवरचा नसतो. कित्येक टेबलांत तो रेझिस्टन्समधून थेट मेन्सवर असतो. निऑन काळवंडला असेल तर तसाच दुसरा निऑन घ्या, टेस्टरमध्ये असतो त्याच जातीचा, पाच-दहा रुपयांत मिळतो. सोबतचा रेझिस्टन्स जुना झाला असेल तर त्याच मापाचा नवा टाका, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा, आणि हे सगळं प्लग काढून.